विमानातला चौथा माणूस

माझ्या सासऱ्यांना मी भर पंगतीत खोटं पाडलं. अधिक महिन्यातलं धोंड्याचं जेवण होतं, अंगण त्यांचं होतं, आणि थोड्याच वेळापूर्वी सासूबाईंनी माझे पाय धुऊन मला पाटावर बसवलं होतं. रागाच्या भरात तोंडून काही निसटलं असतं तर आज मी स्वतःला थोडी सूट दिली असती. पण मी घरून निघतानाच ठरवून निघालो होतो. काय विचारायचं, कुणाच्या देखत विचारायचं, सगळं.

या गोष्टीत कुणाचं नाव येणार नाही. गावांच्या खुणाही मी थोड्या बदलल्या आहेत. त्याचं कारण पुढे कळेल.

मी कर्जत तालुक्यात दूध संकलन केंद्र चालवतो. सकाळी माणसं किटल्या घेऊन येतात आणि प्रत्येक जण सांगतो, "पाणी न्हाई बरं का घातलं." कुणी विचारलेलं नसतं. ज्याने घातलेलं नसतं तोही सांगतो, ज्याने घातलेलं असतं तो जरा मोठ्याने सांगतो. मी मान हलवतो आणि नमुना यंत्रात धरून दुधाची डिग्री बघतो, म्हणजे पाणी किती ते कळतं. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणसाच्या बोलण्याकडे बघायची एक खोड लागते. कुणी लग्नाचं आमंत्रण द्यायला आला तरी मला वाटतं, हा मूळ कशासाठी आलाय? माझी बायको म्हणायची, "तुम्हाला कुणी राम राम घातला तरी तुम्ही त्याची डिग्री बघता." तेव्हा ती हसून म्हणायची.

सासरे एअरफोर्समधून निवृत्त झालेले. जामखेडच्या अंगाला त्यांची थोडी जिराईत जमीन आणि विहिरीवर पोसलेली लिंबाची बाग. माणूस अबोल, पण चार माणसं जमली आणि कुणी खोदलं की एकाहत्तरच्या लढाईतली एक गोष्ट सांगायचे. लग्न झाल्यापासून मी ती कितीदा ऐकली याचा हिशेब नाही.

"बॉम्ब टाकायचं इमान न्हवतंच ते," अशी त्यांची सुरुवात असायची. "सामानाचं हुतं. चार इंजनांचं. लढाईत इमानं कमी पडली, मंग ह्यातच बॉम्ब भरले. मागचं दार उघडायचं आन् रुळावरनं ढकलून द्यायचे."

"ढकलून?" कुणीतरी विचारायचंच.

"मंग? ज्वारीची पोती गाडीतनं उतरवावी तसं."

लोक हसायचे. तेही हसायचे. मग आवाज खाली यायचा. चाकं जमिनीवरून सुटली न सुटली तोच उजव्या अंगाचं एक इंजिन बंद पडलं. विमान त्या बाजूला ओढलं गेलं. पायलटने नाक वर धरून ठेवलेलं, त्यामुळे आतला माल मागे सरकायला लागला. झटक्याने माल बांधलेल्या साखळीची कडी तुटली. सगळं वजन शेपटीकडे गेलं असतं तर विमान तिथेच खाली बसलं असतं, पोटातल्या बॉम्बसकट.

"मागं आमी चौघं," ते म्हणायचे. "पाचरी ठोकल्या. एक पाचर उडाली. मंग काय, पाठी लावल्या. चढाला बैलगाडी मागं यायला लागली की माणूस काय करतो? तसं."

"आणि बॉम्ब टाकून का दिले नाहीत?" हा माझा प्रश्न. पहिल्यांदा मी तो खरोखरच कुतूहलाने विचारला होता.

"खाली गावं हुती, पाहुणं. आपलीच."

पायलटने तीन इंजिनांवर विमान मोठ्या वळणाने फिरवून पुन्हा धावपट्टीवर आणलं. सगळे वाचले. उतरल्यावर कुणी कुणाशी बोललं नाही, कुणीतरी एवढंच म्हणालं, चहा पिऊ या. इथे गोष्ट संपायची. सासऱ्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. तो त्या दिवसापासूनचा, असं ते सांगायचे.

मला ती गोष्ट पटत नव्हती. सुरुवातीला नुसतीच खटकायची. मग मी मोबाईलवर बघितलं. बॉम्ब टाकणाऱ्या विमानांच्या चित्रांत बॉम्ब पोटाखालून सुटत होते. मागच्या दारातून माणसं ढकलतायत असं चित्र मला दिसलं नाही. खरं तर मी फार शोधलंही नाही. हवं ते सापडल्यावर मी थांबलो. आमच्या केंद्रावर दुधाचा टेम्पो चालवणारा माणूस सैन्यातून परतलेला आहे. त्याला विचारलं तर तो खदखदून हसला. "दाजी, बॉम्बरमधी दोन-तीन साहेब लोक असत्यात. तुमचं सासरं लोडिंगला असत्याल. बॉम्ब चढवून खाली उतरायचं आन् टाटा करायचा." हे माझ्या मनात रुतून बसलं. खांद्याबद्दलही मला शंका यायला लागली. बैलाने धडक दिली असेल, विहिरीत पाय घसरला असेल. खांदा काही सांगत नाही.

पण खरी गोष्ट पकडली ती आकड्यावरून. सासऱ्यांचा एक मित्र होता, खर्ड्याच्या बाजूचा, तोही एअरफोर्सचा, दोघे एकाच ठिकाणी नोकरीला होते. सणासुदीला तो यायचा. त्याच्या गावी त्याला मोठा मान. दर वर्षी शाळेतला झेंडा त्याच्या हातून चढायचा. माझ्या लक्षात आलं की हा मित्र बैठकीत असला की सासरे गोष्ट टाळतात. टाळता आली नाही तर ती लहान होते. आणि मागे चौघं नसतात, तिघंच असतात.

मी हे पुन्हा पुन्हा पडताळून बघितलं. नागपंचमीला मित्र नव्हता, तेव्हा चौघं. दिवाळीत मित्र होता, तेव्हा तिघं. मी मुद्दाम विचारलं, "काका, तुम्ही पण होता का त्या विमानात?" मित्र म्हणाला, "न्हाई, मी त्या दिवशी खाली हुतो." आणि खाली मान घालून सुपारी कातरत राहिला. सासऱ्यांनी लगेच लिंबाच्या भावाचं बोलणं काढलं.

आता मला सगळं उलगडल्यासारखं वाटलं. खरं माहीत असलेला माणूस समोर आला की थाप आखडती घ्यावी लागते. चौथा माणूस म्हणजे सासरे स्वतःच. तिघांच्या पराक्रमात त्यांनी स्वतःला घुसवलंय, आणि मित्र बिचारा भिडेखातर गप्प बसतोय. माझा तर्क मला इतका आवडला की त्यात आणखी काही असू शकेल हे मनातच आलं नाही.

बायकोला मी हे बोललो. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "ते खोटं बोलत नाहीत."

"अगं, पण आकडा बदलतो."

"मग बदलू दे. तुम्हाला काय करायचंय?"

हा प्रश्न बरोबर होता. मला काय करायचं होतं? आज सांगतो. माझ्या घरात माझ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा त्यांची ती गोष्ट मोठी होती. बायको लहानपणी शाळेत ती सांगायची, आमच्या मुलांनाही तिने ती सांगितली होती. मी गावोगावचं दूध तपासणारा माणूस. माझ्याबद्दल कुणी काय सांगणार?

तर धोंड्याचं जेवण. पंगतीला भावकी, शेजारी, शाळेचे मुख्याध्यापक. पंधरा ऑगस्ट जवळ आला होता आणि या वर्षी झेंडा सासऱ्यांच्या हातून चढवायचा असं गावात ठरलं होतं. तो खर्ड्याकडचा मित्र माझ्या समोरच्या ओळीत. मुख्याध्यापकांनीच विषय काढला. म्हणाले, "मुलांना ती विमानाची गोष्ट सांगा त्या दिवशी."

"कशाला," सासरे म्हणाले.

"सांगा की मामा," मी म्हणालो. "पण एकदा नक्की करा. मागं तिघं होते की चौघं?"

पंगतीत कुणीतरी हसलं. सासरे वाटीतलं तूप बोटाने फिरवत म्हणाले, "तिघं."

"नागपंचमीला चौघं म्हणाला होता. मग चौथा कोण?"

ते तूपच फिरवत राहिले. अधिक महिन्यात जावयाला उलट बोलायची रीत नाही. तो पाटावर बसला की देवाच्या जागी. हे मला पुरतं माहीत होतं आणि मी त्याच आडोशाने उभा होतो. मी मित्राकडे वळलो. "काका, तुम्हीच सांगा. तुम्ही तिथे नोकरीला होता. आमचे मामा त्या विमानात होते का?"

मित्राचा घास हातात राहिला. त्याचा चेहरा मी अजून विसरलो नाही. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मला वाटलं, झालं, आता हा सांगणार.

"न्हवतो," सासरे म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी न्हवतो त्यात. खालीच हुतो. ऐकीव गोष्ट हाय ती. वाढा रे, पाहुण्यांच्या पानात धोंडा वाढा."

वाढणारी माणसं हलली, भांडी वाजली. स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको उभी होती. तिने बापाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. हातातली तुपाची तांबली तिने उंबऱ्यावर ठेवली आणि आत गेली.

मी जेवलो. पोटभर जेवलो. हेही सांगायला हवं.

परतीच्या वाटेवर बायको मोटरसायकलवर मागची दांडी धरून बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "बघितली ना माझ्या बापाची डिग्री?" त्यानंतर तिने माहेरी फोन करणं सोडलं. मला वाटलं होतं ती माझ्यावर रुसेल. पण ती बापावर रुसली होती. लहानपणापासून जे छातीशी धरलं ते त्यांनीच खोटं म्हटलं होतं. आमच्या मुलीने एकदा विमानाचा विषय काढला तर ती म्हणाली, "झोप. त्या सगळ्या बाता आहेत."

तिकडून बातम्या यायच्या. गावात सासऱ्यांना 'खालचे फौजी' म्हणायला लागले होते. पारावर कुणी विचारायचं, "काय हो, आज इमान वर का खाली?" झेंड्यासाठी दुसऱ्याच कुणाला सांगितलं गेलं. सासरे बागेतच राहायचे. मी मनाशी म्हणायचो, खोटं बोलल्यावर एवढं होणारच. पण जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं, आणि ते का वाटत नाही याचाही मला संशय यायचा.

पंधरा ऑगस्टला सकाळी मी केंद्रावर होतो. गाई-म्हशींना सुट्टी नसते. गर्दी ओसरत आली होती आणि दारात तो मित्र उभा दिसला. पांढरी विजार, पांढरा सदरा, डोक्यावर जुनी टोपी, छातीवर पदकं. झेंडा चढवायला निघावं तसा पोशाख. त्याचं गाव तिथून कितीतरी दूर.

"तुमच्या गावी झेंडा नाही का आज?" मी विचारलं.

"हाय. मी न्हाई गेलो." रिकाम्या कॅनवर तो बसला. "पाहुणं, चौथा मी."

मला कळेना. त्याने पुन्हा सांगितलं. "त्या इमानात मागं चौघं हुते. तुमचं सासरं, दोघं परमुलखाचे, आन् मी."

इंजिन गेलं, कडी तुटली आणि माल सरकायला लागला तेव्हा तो पट्टा सोडून पुढच्या केबिनकडे पळाला होता. मधलं दार त्याने ओढून घेतलं आणि आतून कडी लावली. का लावली ते त्याला आजही सांगता येत नव्हतं. बॉम्ब मागे आणि आपण पुढे, मध्ये एक दार, एवढंच त्याला तेव्हा हवं होतं.

"त्यांनी दार वाजवलं असेल," मी म्हणालो.

"न्हाई वाजवलं. हात कुठं मोकळे हुते त्येंचे?"

आणि तरीही, हे लिहायला लाज वाटते, माझ्या डोक्यात पहिला विचार हा आला की सासऱ्यांनीच याला पाठवलं असेल. अब्रू गेली म्हणून दोघांनी मिळून काहीतरी जुळवलं असेल. मी विचारलं, "कोणत्या बाजूचं इंजिन होतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "उजव्या. तपासा, तपासा. अजून काय तपासायचंय? त्येचा खांदा? मालाच्या चौकटीखाली आला हुता. उतरल्यावर मी दार उघडलं तर तो तसाच उभा, खांदा लावून. म्हणतो, थांबलं का रं इमान?"

मग साहेबाने विचारलं होतं, हा पुढं कसा आला? सासरे म्हणाले, मीच धाडला, माल सुटलाय सांगायला. दुसरे दोघेही काही बोलले नाहीत. तेव्हापासून मित्राच्या देखत सासरे तिघंच म्हणायचे, कारण चौथा म्हटलं की कुणीतरी विचारणार, कोण? मित्र नसला की तोंडून खरं जायचं.

"त्या दिवशी पंगतीत मी सांगणार हुतो," तो म्हणाला. "जीभ उचलंना. त्येला कळलं. म्हणून त्यानं सोताला खोटं केलं, लेकीच्या देखत. आन् मी तसाच धोंडा खात बसलो." टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. "तुमी पकडायला आलता त्येला. पकडायचा हुता मी."

मी दुपारी बायकोला काही न सांगता एकटाच सासुरवाडीला गेलो. सासरे बागेत खाली पडलेली लिंबं वेचून क्रेटमध्ये टाकत होते. उजव्या हाताने. मी म्हणालो, "मामा, काका आले होते केंद्रावर."

ते वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "त्याला बोलू कशाला दिलं तुमी?"

"ते गावात सांगायचं म्हणतायत."

"न्हाई." आता ते उभे राहिले. इतक्या वर्षांत मला कधी त्या आवाजात बोलले नव्हते. "तो हाय तवर ह्या कानाचं त्या कानाला न्हाई. तो झेंडा चढवतो त्याच शाळंत त्येची नातवंडं हायती. दार लावलं तवा एकोणीस-वीस वर्सांचं पोरगं हुतं ते. मीबी पळालो असतो, माझ्या अंगावर माल आलता म्हणून ऱ्हायलो. काय लई मोठं केलं न्हाई."

"पण गाव तुम्हाला..."

"गाव हसतं आन् विसरतं."

"आणि तुमची लेक?"

दोन लिंबं त्यांच्या हातात होती, ती त्यांनी क्रेटमध्ये टाकली नाहीत, तशीच धरून राहिले. मग म्हणाले, "तिला सांगा. तिला एकलीलाच."

मी घरी येऊन सांगितलं. ती ऐकत गेली. शेवटी तिने एवढंच विचारलं, "आणि तुम्ही काय करणार?"

सासऱ्यांच्या शब्दाखातर गप्प राहिलेला तो मित्र पुढे वारला. जायच्या आधी मला त्याने निरोप दिला होता की माघारी सांगायचं तर सांगा, नाव-गाव तेवढं नको. म्हणून हे आज लिहितोय. पण तेव्हा तो हयात होता आणि माझ्या हातात सांगण्यासारखं कारण नव्हतं. गावासमोर चूक कबूल करायची होती आणि ती कशी कळली ते लपवायचं होतं.

त्याच श्रावणात सासऱ्यांच्या गावचा सप्ताह संपला. काल्याच्या जेवणाला मी गेलो, बायकोही आली. देवळापुढे लांबच लांब पंगती बसल्या होत्या. मी आमटीची बादली उचलली. लगेच ओरड झाली.

"अहो दाजी, ठेवा ती! जावयानं वाढायचं नसतं."

"वाढू द्या की, पाप फेडत असतील."

मी ओळीने वाढत गेलो. सासरे मधल्या ओळीत बसले होते, आजूबाजूला तीच माणसं, जी त्या दिवशी अंगणात होती. मी त्यांच्यापुढे बादली खाली ठेवली. मला मोठ्याने बोलायची सवय नाही, पण बोललो.

"जरा ऐका. मामा त्या विमानात होते. 'नव्हतो' म्हणाले होते, ते मला गप्प करायला म्हणाले. मला हे कसं कळलं ते मी सांगणार नाही."

एकजण म्हणाला, "सासऱ्यानं काय द्यायचं कबूल केलं दाजी? लिंबाची बाग?"

हशा पिकला. दुसरा म्हणाला, "मंग एवढं माहीत हाय तर चौथा कोण ते सांगा!" आता सगळे माझ्याकडे तसेच बघत होते जसं मी किटली घेऊन आलेल्या माणसाकडे बघतो. सासरे खालच्या आवाजात म्हणाले, "बसा पाहुणं, ऱ्हाऊ द्या." बायका बसलेल्या बाजूला माझी बायको उभी राहिली होती.

"सांगणार नाही," मी म्हणालो. "तुम्हाला पटो न पटो. मामा, तुम्ही मला कधी उलट बोलणार नाही हे ठाऊक असताना मी तुमच्याच घरी जेवायला बसून तुम्हाला चारचौघांत खोटं ठरवलं. तुमच्या लेकीसमोर. मला खरं जाणून घ्यायचं नव्हतं, तुम्हाला खाली बघायला लावायचं होतं. माझं चुकलं. मला माफ करा."